शिक्षा लागून गेलेली फाइल पुन्हा उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही वकील मिळून शनिवारचा एक वर्ग चालवतो. शिक्षा लागून गेलेल्या फौजदारी खटल्यांच्या फाइली पुन्हा वाचायच्या, त्यातला फॉरेन्सिक पुरावा तपासायचा आणि कुठे चुकलं असेल तर ते अपील चालवणाऱ्या वकिलाच्या हाती द्यायचं, एवढंच आमचं काम. नवी तुकडी आली की तेच प्रश्न नव्याने येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. काही प्रश्न मुलांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे आणि शेवटचे कैद्यांच्या घरच्यांचे आहेत.

आम्ही अजून वकील नाही. मग आम्हाला तपास कसा करता येईल?

वकिली करता येणार नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१प्रमाणे कोर्टात उभं राहायला सनद लागते. पण कागद वाचायला सनद लागत नाही. फाइल मिळवणं, तारखांचा तक्ता करणं, घटनास्थळाचा नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहणं, शाळेचं रजिस्टर शोधणं, डॉक्टरला किंवा शास्त्रज्ञाला विचारायचे प्रश्न तयार करणं, ही कामं विद्यार्थी करतात आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरी करतात. कारण आम्हाला फाइल बघितली की वाटतं, ‘असं तर प्रत्येक केसमध्ये असतं’. तुम्हाला अजून तसं वाटत नाही.

जगात या कामाची जी ओळख झाली, ती विद्यार्थ्यांमुळेच. न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये १९९२ साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला, तो कॉलेजातलं क्लिनिक, म्हणजे खऱ्या केसेसवर शिकवणारा वर्ग, म्हणूनच. आपल्याकडे बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात क्लिनिकल पेपर चार आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटा निवारण आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटीचा खटला). त्यात कैद्याशी बोलायला शिकवणारा एकही नाही.

कैदी निर्दोष आहे हे तुम्हाला आधी कसं कळतं?

कळत नाही. आणि कळलं असं ज्याला वाटतं, त्याला आम्ही पहिले सहा महिने फाइलीला हात लावू देत नाही.

‘हा निर्दोष आहे का?’ हा आपला प्रश्नच नाही. आपला प्रश्न आहे: ‘कोर्टाला हे कशावरून कळलं?’ निकालातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याच्यापुढे ते कोणत्या कागदावर उभं आहे ते लिहा. कागद सापडला नाही, तर तिथे लाल खूण. पुष्कळदा सगळे कागद सापडतात, शिक्षा बरोबर असते, आणि आम्ही फाइल बंद करून घरच्यांना तसं सांगतो. तेही काम आहे. सांगायला जड जातं, पण आहे.

परिस्थितीजन्य पुराव्याच्या केसेसमध्ये एक कसोटी हाताशी ठेवा. शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच तत्त्वं सांगितली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. साखळीची प्रत्येक कडी सिद्ध हवी, आणि ती साखळी आरोपीशिवाय दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता कामा नये. निकालांमध्ये हे पंचशील उद्धृत बहुतेक जण करतात. पुढे ते लावलंय का, हे बघायला तुम्ही आहात.

फाइल हातात आली की आधी काय वाचायचं?

निकालाचा शेवटचा परिच्छेद. हसू नका. शिक्षा वाचून होते, नातेवाईक रडायला लागतात आणि खाली एक ओळ राहते: ‘मुद्देमाल निकामी असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.’ रक्ताचा शर्ट, केस, कुऱ्हाड, उरलेला स्वॅब, जे काही पुन्हा तपासता आलं असतं ते त्या ओळीत जळतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करायची मुदत साधारण ६० दिवसांची. म्हणून पहिल्या दिवशी मुद्देमाल, म्हणजे केसमध्ये जप्त झालेल्या वस्तू, कुठे आहे हे विचारायचं आणि तो जपून ठेवण्यासाठी अर्ज वकिलामार्फत लावायचा. बाकीचं वाचन दुसऱ्या दिवशी केलं तरी चालतं.

मग फिर्याद. नंतर घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जप्ती पंचनामे, प्रयोगशाळेला पाठवलेलं पत्र, प्रयोगशाळेचा अहवाल. साक्षी त्यानंतर. निकालपत्र सगळ्यात शेवटी. निकालपत्र आधी वाचलं की न्यायाधीशांनी सांगितलेली गोष्ट डोक्यात बसते आणि पुढचे सगळे कागद त्या गोष्टीत बसतील असेच वाचले जातात. मी स्वतः पहिली फाइल अशीच वाचली होती. एका लेबलावरची तारीख जप्तीच्या आधीची होती. ती मला तिसऱ्या वाचनात दिसली, आणि तीसुद्धा माझ्या ज्युनियरने बोट ठेवल्यावर.

पंचनाम्यावर इतका वेळ का घालवता?

कारण फॉरेन्सिक पुरावा प्रयोगशाळेत जन्माला येत नाही, पंचनाम्यात येतो. माझ्या पाहण्यात तरी चूक यंत्रात कमी आणि रस्त्यात जास्त आढळली आहे: घटनास्थळ ते पोलिस ठाणं, ठाणं ते मालखाना (जप्त वस्तू ठेवायची खोली), मालखाना ते प्रयोगशाळा.

चार गोष्टी बघायला शिका. एक, वेळ. तपास अधिकारी एकाच वेळी दोन ठिकाणी तर नाही ना? घटनास्थळ पंचनामा सकाळी ८ ते १० आणि त्याच अधिकाऱ्याने नोंदवलेलं बयाण ९ वाजता दुसऱ्या गावात, असं असू शकतं. स्टेशन डायरीशी ताळा घ्या. दोन, पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार. तेच पंच तिन्ही जप्त्यांना हजर आहेत का, ठाण्यासमोर त्यांची चहाटपरी आहे का, याआधी किती केसेसमध्ये त्यांनी सह्या केल्या. तीन, सील. लाखेवर कोणता शिक्का, शिक्क्याचा नमुना सोबत पाठवला का, शिक्का नंतर कुणाकडे राहिला. चार, भाषा. ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, गुन्ह्यात वापरलेले हत्यार लपविलेली जागा दाखवितो’ असं गडचिरोलीतल्या भामरागडकडचा, माडिया भाषा बोलणारा माणूस बोलला असेल, यावर माझा विश्वास नाही. दुभाषी कोण होता? त्याची सही कुठे आहे?

हत्यार ‘आरोपीच्या निवेदनावरून’ सापडतं ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७खाली. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३च्या परंतुकात तीच तरतूद आहे. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येत नाही, पण तिच्यामुळे नव्याने कळलेली वस्तुस्थिती येते. इथली कळीची गोष्ट ‘नव्याने’. विळा घराच्या पडवीत सगळ्यांना दिसेल असा खोचलेला असेल आणि पोलिस त्या घरी आदल्या दिवशी येऊन गेले असतील, तर आरोपीने नवीन काय सांगितलं?

सी.ए. रिपोर्ट कसा वाचायचा?

विदर्भातल्या कोर्टांत अजूनही सगळे ‘सी.ए.’ म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनालायझर. धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा हा अहवाल एक-दोन पानांचा असतो. वर मिळालेल्या पाकिटांची यादी: रक्तमिश्रित माती, साधी माती, पॅंट, कुऱ्हाड. खाली निष्कर्ष. पुन्हा पुन्हा भेटणारी ओळ अशी: रक्त मानवी आहे, गट ‘बी’, किंवा गटाचा निर्णय होऊ शकला नाही.

आता बघा. मयताचा गट ‘बी’, आरोपीच्या शर्टावर ‘बी’, आणि निकालात लिहिलंय की यावरून आरोपीचा सहभाग सिद्ध होतो. आरोपीचा स्वतःचा गट कोणता, हे कुणी पाहिलं? त्याचाही ‘बी’ असेल तर? भारतात साधारण तीनातला एक माणूस ‘बी’ गटाचा असतो. सीताबर्डीच्या चौकात उभं राहून डोळे मिटून बोट दाखवलं तरी दर तिसरा माणूस ‘बी’चा सापडेल. रक्तगट माणूस वगळायला फार चांगला, ओळखायला फार कच्चा. आणि ‘निर्णय होऊ शकला नाही’ याचा अर्थ ‘जुळला’ असा होत नाही. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

दुसरी अडचण कायद्याची. सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २९३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. कोर्ट त्याला बोलावू शकतं, पण बचावाच्या वकिलाने तसं मागावं लागतं. बरेचदा मागितलंच जात नाही, मग अहवाल बिनप्रश्नाचा आत जातो. कोणती चाचणी केली, ती प्राथमिक होती की खात्रीची, किती नमुना उरला, हे कुणी विचारत नाही.

प्राथमिक चाचणीवर विसंबलं तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. १९८० साली लिंडी चेंबरलेन या बाईचं तान्हं बाळ तंबूतून नाहीसं झालं. गाडीत बाळाचं रक्त सापडलं असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि १९८२मध्ये तिला खुनाची जन्मठेप झाली. नंतर उलगडलं की, त्या डागांपैकी काही गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यातच फवारलेल्या रसायनाचे होते. १९८६मध्ये बाळाचं जाकीट डिंगो कुत्र्यांच्या गुहांजवळ सापडलं आणि ती सुटली. मृत्यू डिंगोमुळे झाला अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ उजाडलं.

पण डीएनए जुळला म्हणजे विषय संपलाच ना?

नाही. डीएनएही तज्ज्ञाचं मतच. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा म्हटलं आहे. डीएनए एवढंच सांगतो की या बाटलीतला नमुना आणि त्या बाटलीतला नमुना एकाच माणसाचा असावा. बाटलीत तो कुणी, कधी, कसा भरला हे डीएनएला माहीत नसतं.

दिल्लीतल्या २०१२च्या एका मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात तिघांना फाशी झाली होती. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की १४ आणि १६ फेब्रुवारीला जप्त केलेले नमुने २७ तारखेला प्रयोगशाळेत गेले आणि मधले दिवस पोलिस ठाण्याच्या मालखान्यात होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी डीएनए अहवालाचा पाया तपासलाच नव्हता. मे २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या, ठाण्याच्या एका प्रकरणात असंच झालं. नमुने घेण्यातली आणि पाठवण्यातली दिरंगाई बघून फाशीच्या कैद्याची सुटका झाली. अखेर जुलै २०२५मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियमच घालून दिले: नमुन्याच्या पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम, तपास अधिकारी यांच्या नोंदी, ४८ तासांत नमुना प्रयोगशाळेत पोचवायचा, कोर्टाच्या परवानगीशिवाय तो उघडायचा नाही, आणि कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला याचं रजिस्टर शेवटपर्यंत ठेवायचं.

हे वाचून मुलं खूश होतात. मी त्यांना पर्लकोटा नदीची आठवण देते. पावसाळ्यात तिला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या आठवड्यात नागपूरला निघालेलं पाकीट कुठे थांबतं? कोणत्या फ्रिजमध्ये? तो फ्रिज विजेवर चालतो, आणि वीज? इथे पोलिसांना शिव्या घालून भागत नाही. तो शिपाई आपल्या परीने पाकीट नेतोच. पण प्रश्न विचारायचा राहिला तर त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून वसूल होते.

उलट बाजूही बघा. मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या एका माणसाला २०१३मध्ये जेमतेम दोन आठवड्यांच्या खटल्यात फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये खटला नव्याने चालवायला सांगितला. २०२२मध्ये पुन्हा फाशी. डीएनए तज्ज्ञाला साक्षीला बोलावलंच नव्हतं. उच्च न्यायालयाने ते करायला लावलं आणि २०२४मध्ये तो निर्दोष सुटला. ११ वर्षं. म्हणून अहवालासोबत आम्ही मूळ आलेख आणि आकड्यांचा तक्ताही मागतो, आणि ‘जुळला’ हा शब्द वहीत लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारतो: किती ठिकाणी, आणि कुणाकुणाला वगळून?

बोटांचे ठसे तरी पक्के ना?

ठशांचं शास्त्र आपल्याच देशात कोर्टापर्यंत पोचलं. १८९७ साली कोलकात्यात जगातली पहिली फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाली आणि तिथली वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. ठसा पक्का आहे. तो बघणारा डोळा माणसाचा आहे.

२००४मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटानंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठसा जुळतो म्हणून त्याला अटक करवली. स्पॅनिश पोलिसांनी खरा माणूस शोधला तेव्हा एफबीआयला माफी मागावी लागली. पुढे इतिएल ड्रोर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना, त्यांनीच कधीकाळी ‘जुळतात’ म्हटलेले ठसे, ते माद्रिद प्रकरणात चुकीने जुळवलेले ठसे आहेत असं भासवून पुन्हा दाखवले. पाचपैकी चौघांनी आपलं मत बदललं. २००६मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आम्ही वर्गात करून बघतो. ठशांऐवजी सह्या वापरतो. निकाल कुणालाच आवडत नाही.

आम्ही आर्ट्सचे. शवविच्छेदन अहवाल कळेल का?

कळेल. कॉलम १७मध्ये बाहेरच्या जखमा असतात, तिथून सुरू करा. प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी कागदावर काढा आणि जप्त केलेल्या हत्याराच्या पात्याशी ताडून बघा. मग मृत्यूची वेळ. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं अंग ताठण्याचा ढोबळ हिशेब १२-१२-१२ असा सांगतात: १२ तासांत ताठरता पूर्ण येते, १२ तास टिकते, १२ तासांत उतरते. पण मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा हे सगळं भराभर होतं, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून भराभर. जानेवारीतला हिशेब मे महिन्यातल्या प्रेताला लावला की ‘आरोपी त्या वेळी मयतासोबत होता’ हे वाक्य कोसळू शकतं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांतला एखादा न्यायवैद्यक शिकवणारा डॉक्टर अर्धा तास देतो. प्रश्न नेमके असतील तर एक तासही.

आर्ट्सच्या मुलांना खरी अडचण विज्ञानाची येत नाही, अक्षराची येते. बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांना तर ‘सदर इसम नमूद ठिकाणी मिळून आला’ हे मराठी वाटतच नाही. त्यासाठी निवृत्त कोर्ट कारकून आमच्याकडे दोन शनिवार घेतात. सगळ्यात लोकप्रिय तास तोच.

ओळखपरेडमध्ये साक्षीदाराने ओळखलं असेल तर?

नाशिकच्या सत्र न्यायालयात २००६मध्ये शिक्षा झालेला एक खटला वाचा. निकाल जाहीर आहे. भटक्या जमातीतले सहा जण. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१९मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. काय सापडलं मध्ये? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. तो कागद अस्तित्वात होता, पण त्याचा उपयोग कुणी आरोपीच्या बाजूने होऊ दिला नव्हता.

एक कागद. अटकेपासून सोळा वर्षं.

मुंबईच्या २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातही २१ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाने बारा जणांची शिक्षा रद्द करताना ओळखपरेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता, हे एक कारण दिलं. दोघं नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश झाला. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. वर्गात यावर वाद होतात. होऊ देतो.

त्याने गुन्हा कबूल केला होता. मग?

न केलेला गुन्हा माणूस कबूल करत नाही, असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटायचं. डीएनएचा गुन्ह्यात पहिला वापर इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या दोन खुनांत झाला. १९८६ साली सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातला एक खून कबूल केला होता. शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांच्या नव्या डीएनए चाचणीने आधी तो मुलगा सुटला, खरा गुन्हेगार नंतर सापडला.

मग साक्षीदारांना भेटून विचारू का?

नाही. एकट्याने तर मुळीच नाही, फोनवर नाही, इन्स्टावर नाही. अमेरिकेत एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या शोधामुळे १९९९मध्ये मृत्युदंडाचा कैदी सुटला. जगभर कौतुक झालं. त्याच शोधात त्यांच्यासोबतच्या खासगी तपासनिसाने दुसऱ्या माणसाकडून कबुली मिळवली होती. तो दुसरा माणूस तुरुंगात गेला आणि २०१४मध्ये त्याचीही शिक्षा रद्द करावी लागली, कारण ती कबुली ज्या मार्गांनी मिळवली ते शंकास्पद होते. एका माणसाला बाहेर काढताना दुसऱ्याला आत घातलं. वर्गातला हा एकमेव नियम असा आहे की मोडला तर त्याच दिवशी नाव कटतं.

मयताच्या घरच्यांसमोर तुम्ही उभे कसे राहता?

बहुतेकदा उभे राहत नाही, आणि तेच योग्य. त्यांचं दुःख आपला पुरावा नाही. कधी त्याच गावात जावं लागलं तर आधी सरपंचांना आणि वकिलांना कळवून जातो, घराचे फोटो काढत नाही, आणि कुणी ‘कोणाच्या बाजूने आलात?’ विचारलं तर खरं सांगतो. एकदा एका म्हातारीने पाणी दिलं आणि म्हणाली, ‘माह्या पोराले मारनारा दुसराच असन तं तो अजून मोकळाच हाय ना बापा.’ यावर काय बोलणार? मुली परतताना पूर्ण रस्ता गप्प होत्या.

कैद्याचं वय हा मुद्दा उशिरा काढता येतो?

कधीही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गुन्ह्याच्या वेळी आपण अठराच्या आत होतो हा दावा कुठल्याही टप्प्यावर, खटला कायमचा निकाली निघाल्यावरही, करता येतो. कलम ९४ पुराव्याचा क्रम सांगतं: आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, नंतर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, ते नसेल तर हाडांची तपासणी. हाडं वय नेमकं सांगत नाहीत, एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर हा खजिना.

पुण्यातल्या १९९४च्या एका सामूहिक खून खटल्यातला फाशीचा कैदी नागपूरच्या तुरुंगात होता. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता. तोवर आत २८ वर्षं गेली होती. त्याच्या अटकेच्या कागदांवर नावसुद्धा बरोबर नव्हतं.

अपील फेटाळलं गेलं की सगळे रस्ते बंद?

अरुंद होतात. अपील चालू असेल तर नव्या संहितेच्या कलम ४३२खाली जादा पुरावा घेण्याचा अर्ज करता येतो. आमचं बरंचसं काम तिथेच उपयोगी पडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथेच पुनर्विलोकन, मग क्युरेटिव्ह याचिका (त्याच न्यायालयाला चूक सुधारायची शेवटची विनंती), आणि राज्यपाल-राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. इंग्लंडमध्ये अशा जुन्या केसेस तपासून परत कोर्टाकडे पाठवणारा स्वतंत्र आयोग १९९७पासून काम करतो. आपल्याकडे तसं काही नाही. दयेच्या अर्जात तर माणूस निर्दोष असल्याचं सांगत माफी मागतो. हा प्रकार मला कधीच पचलेला नाही.

सुटल्यावर भरपाई मिळते का?

हक्क म्हणून नाही. बिहारमध्ये निर्दोष ठरल्यावरही १४ वर्षं तुरुंगात ठेवलेल्या माणसाला १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३५ हजार देवविले, तेव्हापासून रक्कम कोर्टाच्या मर्जीवर. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८च्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा स्वतंत्र कायदा सुचवला. अहवाल आहे, कायदा नाही.

नव्या कायद्यांमुळे हे काम कमी होईल?

१ जुलै २०२४पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं आहे, आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जाणंही टप्प्याटप्प्याने सक्तीचं होतंय. चांगलंच आहे. आता पंचनाम्यासोबत व्हिडिओही बघावा लागेल, आणि व्हिडिओ कुठे सुरू झाला, कुठे थांबला हेही.

मुलीला जेलमध्ये पाठवायचं? सुरक्षित आहे का? पुढे नोकरीचं काय? (हा काका-काकूंचा प्रश्न)

वर्धा रोडवरच्या कारागृहात कुणीही एकटं जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या माध्यमातून, परवानगीने, ज्येष्ठ वकिलासोबत मुलाखत होते. बहुतेक शनिवार तर फाइलीच्या धुळीतच जातात. धोका झालाच तर शिंकांचा. नोकरीचं म्हणाल, तर फौजदारी फाइल शेवटपर्यंत वाचता येणारा ज्युनियर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात फार काळ रिकामा बसत नाही.

आमच्या माणसाला शिक्षा झाली आहे. तुम्ही केस घ्याल का? पैसे किती?

पैसे लागत नाहीत. केस आम्ही लढत नाही, वाचतो. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. उच्च न्यायालयासाठी इथेच विधी सेवा उपसमिती आहे. तिथे अर्ज करा, आणि आमच्याकडेही या. अपिलाची मुदत उलटली असेल तरी या, उशीर माफ होऊ शकतो.

येताना निकालाची प्रत, दोषारोपपत्र आणि जे काही घरात असेल ते आणा: वकिलाची पावती, शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, त्या दिवशीचं एसटीचं तिकीट, मजुरीची हजेरी. दोषारोपपत्र हरवलं असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज कसा करायचा ते मुलं लिहून देतील. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्स आणा.